केराच्या डब्याशेजारचा बाक

आमच्या गल्लीत मोठ्या परीक्षेच्या दिवसांत कुत्रंसुद्धा भुंकत नाही. इंग्रजीचा ऐकण्याचा भाग सुरू व्हायच्या आधी चौकात पोलीस उभे राहतात, बसवाले हॉर्न वाजवत नाहीत, बांधकामावरची यंत्रं थंड पडतात. टेकडीवरच्या देवळातली घंटाही तेवढा वेळ मुकी ठेवतात. मीसुद्धा जपाच्या वेळी ठोकायचा लाकडी मासा फडक्यात गुंडाळून ठेवते. आमची देवी क्वानयिन माता मनातलं ऐकते, तिला ठोकून सांगायला नको. मुलांना परदेशी भाषा नीट ऐकू यावी म्हणून सगळं गाव श्वास रोखून बसतं आणि नंतर आपणच आपलं कौतुक करतं.

हे कौतुक मला आता ऐकवत नाही. कारण त्याच शाळेत, त्याच मुलांच्या डोक्यावर बाकी सगळं वर्ष काय खरखरत होतं, हे मला निंग सुफनमुळे कळलं. रोज देवीचं नाव लिहून झालं की मी वहीत दिवसाचं काही ना काही लिहिते. सुफनबद्दल मात्र तिथे चार-चार ओळींत लिहून माझं समाधान झालं नाही. म्हणून हे सलग लिहिते आहे.

आमची गल्ली तालुक्याच्या मोठ्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. इथल्या प्रत्येक घराची माडी भाड्यानं जाते. डोंगरातल्या खेड्यांतून आया येतात, खोली घेतात, मुलाला दोन वेळा गरम जेवण घालतात आणि मुलगा परीक्षा देऊन मोकळा झाला की गाठोडं बांधून परत जातात. तशीच सुफन आमच्या माडीवर आली. दोन रजया, मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी, प्रेशर कुकर आणि मागे खाली मान घातलेली एक मुलगी. मुलीचं नाव ताओ युनहे. नवरा दक्षिणेकडे इमारतींच्या कामावर, वर्षातून एकदा नव्या वर्षाला घरी येणारा.

सुफन दिसायला एवढीशी, पण आवाज असा की माडीवर ती मुलीला "हात धू" म्हणाली की खाली आमचे हे उठून हात धुवायचे. तरुणपणी ती कापडाच्या गिरणीत होती. तिथल्या खडखडाटात बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या, नाहीतर बोंबलायच्या. गिरणी बंद पडली, बोंबलणं राहिलं. इथे आल्यावर गल्लीच्या तोंडाशी जो शिवणाचा कारखाना आहे तिथे ती जॅकेटांना चेन लावायला जायची. तिथे कामाला सगळ्या अशा आयाच. मुलांची जेवायची वेळ झाली की सगळी मशीनं एकदम बंद.

देवाधर्माचं तिला फारसं काही नव्हतं. पण मुलीची महिन्याची परीक्षा असली की माझ्या देव्हाऱ्यासमोर एक संत्रं ठेवून जायची.

"ताई, तुमच्या देवीला सांगा, हे आगाऊ दिलंय. काम झालं नाही तर मी परत न्यायला येईन."

"अगं, देवीशी असं बोलतात का?"

"मग कसं बोलतात? बाजारात असंच बोलतात."

आणि खरंच, एकदा ती संत्रं परत घेऊन गेली. सोलून मला अर्धं दिलं.

युनहे मात्र अबोल. दिसेल ते वाचायची. शाम्पूच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायची, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचायची. इंग्रजीच्या पेपरात जे उतारे येतात ना, ते वाचून त्याखालचे प्रश्न सोडवायचे, त्यात ती वर्गात पहिल्या पाचांत. जेवताना सुफन विचारायची, "आज उताऱ्यात काय आलं होतं?" आणि पोरगी सांगायची. कुठल्याशा बेटावर दीपगृह सांभाळणारा म्हातारा होता. त्याला एक जखमी पक्षी सापडला. त्यानं त्याला घरी नेलं. पक्षी बरा झाला आणि एके दिवशी वादळात बाहेर उडाला.

सुफनचा घास हातातच. "मग? परत आला का?"

"पुढचं नाही आई. पुढं प्रश्न आहेत."

"असं कसं पुढचं नाही? अर्धवट गोष्ट सांगून प्रश्न कसले विचारतात? आधी पक्षी कुठे गेला ते सांगा म्हणावं!"

मी जिन्यात उभी राहून हसायची. माय-लेकींचं सगळं जग त्या अर्धवट गोष्टींनी भरलेलं होतं. हरवलेली मांजर, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस, सायकलवरून देश ओलांडणारी बाई. एकीचाही शेवट माहीत नाही.

पण सुफननं विचारलं, "आणि ऐकण्याच्या भागात काय होतं?" की युनहे भातात चॉपस्टिक फिरवत बसायची.

"दोघं जण बोलत होते. ते कुठे भेटणार, असा प्रश्न होता."

"कुठे भेटणार?"

"नीट ऐकू आलं नाही. मागे ऐकू येत नाही आई."

"मागे बसणाऱ्यांना कधीच ऐकू येत नसतं. मार्क आण, पुढे बस."

हे वाक्य गल्लीतली कुठलीही आई बोलली असती. आमच्या शाळेत जागा मार्कांवर मिळते. दर महिन्याच्या परीक्षेनंतर सगळा वर्ग बाहेर उभा करतात, पहिल्या नंबरापासून एकेकाला नावानं आत बोलावतात आणि ज्याला हवी ती जागा तो घेतो. शेवटी आत जाणाऱ्यांना उरलंसुरलं. कोणाला यात काही खटकत नाही. वशिला नाही, पैसा नाही, शुद्ध न्याय, असं आम्ही म्हणत होतो. युनहेचं गणित कच्चं होतं, त्यामुळे बेरजेत ती शेवटाकडे. तिच्या वाट्याला नेहमी एकच बाक उरायचा. सगळ्यात मागचा, कोपऱ्यातला. एका बाजूला केराचा डबा आणि झाडू, पाठीमागे दार, दाराबाहेर गरम पाण्याची खोली. आणि डोक्यावर भिंतीला टांगलेला जुना स्पीकर.

एके दिवशी वर्गाचे थांग सर, तेच इंग्रजी शिकवतात, त्यांनी सुफनला बोलावलं. ती कारखान्यातून तशीच धाग्यांनी भरलेली आली.

"ताई, चला माझ्याबरोबर. मी बोलायला लागले की ओरडते. ओरडायला लागले की माझी बाही ओढा."

थांग सर तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा थर्मास. सगळ्यात जास्त सरासरीच्या वर्गाला महिनाभर दारावर लाल झेंडा लावायला मिळतो. तो त्यांच्या वर्गाला सलग मिळत आला होता आणि तो जाऊ नये हीच त्यांची साधना. त्यांनी दोन आकडे दाखवले.

"युनहेच्या आई, हे बघा. वाचनात पहिल्या पाचांत. ऐकण्यात शेवटून दुसरी. तेच शब्द, तीच भाषा. डोळ्यांनी आत जातं ते कानांनी जात नाही. मग दोष कशात आहे?"

सुफननं बाहीवरचा एक धागा काढला.

"कानात," सर म्हणाले. जणू घरातला उंदीर सापडला. "घाबरू नका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ऐकण्याच्या भागातून सूट मिळते. वाचनाचे मार्क त्या प्रमाणात वाढवून धरतात. तिचा फायदा, वर्गाचाही फायदा. दाखला आणा, अर्जावर सही करा. संपलं."

"मार्क वाढतील?" सुफनचा चेहरा उजळला. मी बाही ओढायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं कानात दिवा घालून बघितलं, यंत्रावर बसवलं, पाठीमागे उभं राहून कुजबुजून बघितलं. शेवटी हसला. म्हणाला, "बाई, खिडकीखाली दोघी जणी कशावरून भांडतायत तेही तुमच्या मुलीनं मला सांगितलं. कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत."

सुफन आनंदात सरांकडे धावली, मीही मागून. तिला वाटलं, बातमी ऐकून सरही खूष होतील.

सरांनी चहाचा घोट घेतला. "कान चांगले असतील तर मग ऐकायची इच्छा नाही, असं म्हणावं लागेल." मग आवाज खाली आणून, "दाखला देणारे दुसरे डॉक्टर असतात. दोन्ही कानांचा नको. एका कानाचा चालेल."

डावा चालेल की उजवा, एवढंच विचारायचं राहिलं होतं. माणूस कोटाचं माप घ्यावं तसं बोलत होता. मी देवीचं नाव घेऊन तोंड बंद ठेवलं. माझे दोन्ही कान शाबूत होते आणि ते हे ऐकत होते, याची मला लाज वाटत होती.

"आणि सही नाही केली तर?" सुफननं विचारलं.

"तर पुढच्या वर्षी तिला खालच्या तुकडीत पाठवावं लागेल. एका मुलीसाठी सगळा वर्ग खाली नाही ओढता येत. पालकसभेपर्यंत विचार करा. अर्ज मी तयार ठेवतो."

त्या संध्याकाळी युनहे पहिल्यांदा आईसमोर ताठ उभी राहिली. तिला नर्सिंगला जायचं होतं. लहानपणी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे मोठे लोक डोक्यावरून बोलत होते. एका नर्सनं मात्र वाकून सांगितलं होतं, आता काय करणार, किती दुखेल, कधी संपेल. तेव्हापासून हिचं ठरलेलं.

"नर्सिंगला घेताना कान तपासतात, आई. हा दाखला माझ्या फाइलमध्ये जन्मभर राहील. मार्क वाढवून मी जाऊ कुठे?"

सुफननं नवऱ्याला फोन लावला. तिकडून सिमेंटचा मिक्सर फिरत होता. "मार्क वाढतायत ना? कर सही!" एवढं बोलून तो कामावर गेला. त्याला तरी काय दोष द्यायचा. गुरुजी म्हणाले ते प्रमाण, हेच आपल्याला शिकवलेलं.

रात्रीची भांडी घासताना सुफन खाली आली. "ताई, खोट्या दाखल्यावर सही केली तर तुमची देवी रागावेल का?"

"देवीचं राहू दे. ती युगानुयुगं आपलं बघत आलीय. मुलगी रागावेल."

"खालच्या तुकडीत गेली तरी रागावेलच की." तिनं कढई इतकी घासली की वाटलं तळ जाईल. "पोरीला ऐकू येतं. मग तिथेच का येत नाही? माझ्या पोरीत काही खोट आहे का?"

तिला बिचारीला त्या वेळीही खोट पोरीतच शोधायची होती. शाळेत खोट असू शकते, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. आमच्यापैकी कोणाच्याच मनाला शिवत नाही.

पालकसभेचा दिवस आला. आमच्याकडे पालकांनी आपापल्या मुलाच्या जागेवर बसायचं असतं. आधीच्या सभेला सुफन गावी तेलबियांच्या काढणीला गेली होती, त्यामुळे ती जागा तिनं कधी बघितली नव्हती. माझ्या दिराचा मुलगा त्याच वर्गात. दीर-जाऊ परगावी कामाला, म्हणून मी गेले. तो ना धड हुशार ना धड ढ, त्यामुळे मी बरोबर मधल्या रांगेत. पहिल्या रांगेत अगदी मध्यावर लेई साहेब, जिल्हा कचेरीतले. त्यांचा मुलगा पहिला. आमची सुफन सगळ्यात मागे, केराच्या डब्याला गुडघा टेकवून. पायाशी केळीची साल.

थांग सरांनी त्या दिवशी एक नवी कल्पना काढली होती. "पालकहो, मुलं काय कष्ट करतात ते तुम्हीही जरा अनुभवा. ऐकण्याच्या परीक्षेचा एक नमुना लावतो."

ध्वनिफीत सुरू झाली. एक बाई आणि एक पुरुष काहीतरी बोलत होते. मला अवाक्षर कळलं नाही, पण आवाज स्वच्छ होता. बाई विचारत होती, पुरुष नको-नको म्हणत होता, एवढं सुरावरून कळत होतं. पुढच्या रांगेतले पालक मान डोलावत होते, जणू शाळेत असताना त्यांचेच मार्क पैकीच्या पैकी होते.

मी मागे वळून बघितलं. सुफन कपाळाला आठ्या घालून बसली होती. मग तिनं कानाला हात लावला. मग वर बघितलं, त्या स्पीकरकडे. मग मागच्या दाराकडे, तिथे कोणीतरी थर्मासात पाणी भरत होतं. आणि ती उठली.

"सर, हे बाई बोलतेय की बाप्या?"

वर्ग हसला. थांग सरही हसले. "युनहेच्या आई, भाषा येत नसली की असंच होतं."

"भाषा मला पुढे बसूनही येणार नाही. पण बाई की बाप्या हे तर म्हशीलाही कळतं. इथे नुसतं कढईत मिरची पडल्यासारखं येतंय."

पुन्हा हसू. नगारखान्यात टिमकी कोण ऐकतो? कोणीतरी म्हणालं, "बसा हो, सभा लांबते." माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "मुलगी शेवटची, आई पहिली."

सुफनची बाही ओढायला मी जवळ नव्हते. असते तरी ओढली नसती.

ती बाकांमधून चालत पुढे आली आणि लेई साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, जरा उठता का? थोडा वेळ बसून बघते."

लेई साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "ही जागा माझ्या मुलानं मेहनतीनं मिळवली आहे."

"त्याची जागा त्यालाच राहू दे. तो आता वसतिगृहात झोपलाय. मी तुमची मागतेय."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. ते अर्धवट उठले, आणि आमच्या सुफनला अर्धवट उठलेला माणूस म्हणजे उठलेलाच माणूस. ती सर्रकन आत सरकून बसली. थांग सर ध्वनिफीत बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू द्या की! अनुभव घ्यायला बोलावलंत ना?"

क्षणभर तिनं डोळे मिटले. आणि मग तिचा तो गिरणीतला आवाज सगळ्या वर्गात घुमला, "येतंय की हो! बाई आहे! आणि तो बाप्या तिला नाही म्हणतोय!"

कोणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पुढच्या दोन रांगांना दिसलं असणार.

"साहेब, मागची जागा मोकळी आहे," ती म्हणाली. "बसा तिथे."

पन्नासेक बसलेल्या माणसांत एकटंच उभं राहणं मोठ्या माणसाला परवडत नाही. वर्गात तेवढी एकच जागा रिकामी होती. लेई साहेब गेले, रुमालानं बाक पुसला, केराचा डबा बुटानं लांब सरकवला आणि बसले.

थांग सरांना घाम फुटला होता. विषय बदलावा म्हणून त्यांनी माइक हातात घेतला आणि गुणवंतांची नावं वाचायला लागले. आधी अर्थातच लेई साहेबांचा मुलगा. त्याची चिकाटी, त्याची शिस्त, आईवडिलांचे संस्कार. माइकचा आवाजही त्याच स्पीकरांतून जातो, पुढच्या चांगल्यांतून आणि मागच्या त्या जुन्यातून. मधे बसून मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

"काय म्हणालात? कोणाबद्दल चाललंय?"

सरांनी परत सांगितलं. मागे परत खरखर.

लेई साहेब उठलेच. "इथे काही ऐकू येत नाही! ही काय व्यवस्था आहे? किती दिवसांपासून असं आहे हे? मुलं अशी परीक्षा देतात?"

"साहेब, उद्याच दुरुस्त करून घेतो. उद्याच," थांग सर म्हणाले. कमरेत किंचित वाकले सुद्धा.

माझा जीव जळला तो इथे. सुफन काय वेगळं बोलली होती? तेच बोलली होती. उलट मिरचीचा दाखला देऊन जास्त समजेल असं बोलली होती. तिच्या तोंडून तो विनोद झाला आणि त्यांच्या तोंडून ती तक्रार झाली. युनहे तर हेच वाक्य किती महिने घरी बोलत होती. पोरगी बोलली तेव्हा तो आळस, आई बोलली तेव्हा अडाणीपणा, साहेब बोलले तेव्हा दुरुस्ती. मी रोज देवीसमोर म्हणते की तू जगाचा आक्रोश ऐकणारी. त्या दिवशी मला वाटलं, माते, तू तरी कुठल्या रांगेतून ऐकतेस?

सभा संपली. थांग सर अर्ज आणि पेन घेऊन सुफनकडे आले. माणूस कसा बघा. एवढं होऊनही अर्ज आणलाच. बहुतेक हात सवयीनं पुढे गेला असेल.

सुफननं पेन घेतलं नाही. तिनं लेई साहेबांकडे बोट केलं. ते दारात अजून कोणाला तरी खडसावत होते.

"सर, एकच अर्ज आणलात? साहेबांचाही लागेल ना. त्यांनाही त्या जागेवर ऐकू आलं नाही. कुठल्या कानाचा करू या, डाव्या की उजव्या?"

थांग सरांचे कान लाल झाले. त्यांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि "बघू, बघू" म्हणत निघून गेले. परत तो अर्ज कोणी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला, शिडी लावली, जुना स्पीकर उतरवला, नवा टांगला. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. एवढंच ते काम होतं! पालकांच्या फोनवर शाळेचा संदेश आला, पालक लेई यांच्या मौलिक सूचनेवरून ध्वनिव्यवस्था सुधारण्यात आली आहे, त्यांचे आभार. सुफन वाचून पोट धरून हसली. "ताई, त्यांना एक संत्रं द्यायला हवं." मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

युनहेचे ऐकण्याचे मार्क पुढच्या महिन्यात वाढले. चमत्कार नाही झाला. ज्याला इतके दिवस काही ऐकूच आलं नाही त्याला ऐकण्याची सवय कुठली असणार? पण तिसऱ्या महिन्यात ती बऱ्यापैकी वर आली, खालच्या तुकडीचं नाव कोणी काढलं नाही, आणि थांग सरांनी वर्गात सांगितलं की बघा, मेहनतीला पर्याय नसतो. माफीचा एक शब्द नाही. दोष स्पीकरात सापडला तरी श्रेय मेहनतीला. झेंडा दारावर होता तसाच राहिला.

चौकात शेवयांच्या दुकानात एक मुलगी वाढायला असते. थोड्या वर्षांपूर्वी त्याच वर्गात होती. मी तिला ही हकिकत सांगितली. तिनं माझ्या वाटीत कांद्याची पात टाकली आणि म्हणाली, "आमच्या वेळीही खरखरायचं, मावशी. आम्हाला वाटायचं, मागच्या बाकावर इंग्रजी असंच असतं."

हे वाक्य मी दोन घास गिळेपर्यंत सहन केलं, मग वाटी तशीच ठेवून उठले. किती वर्षांची मुलं त्या खोक्याखाली बसली असतील? दर महिन्याला त्यांची परीक्षा घेतली, ऐकू येत नाही म्हणून मार्क कापले, मार्क नाहीत म्हणून परत तिथेच बसवलं. आणि ती बिचारी आज शेवया वाढतात, मोजे विणतात, विटा वाहतात, आणि स्वतःलाच सांगतात की मला काही इंग्रजी जमलं नाही. त्यांच्यासाठी कोणी गाव मुकं केलं नाही. घंटा बंद ठेवणं सोपं असतं हो, त्याचं सगळ्यांना पुण्य मिळतं. शिडी लावायला मात्र एका साहेबाला केराच्या डब्याशेजारी बसावं लागलं.

युनहे आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घेताना कान तपासले, उत्तम निघाले. सुफन गाठोडं बांधून गावी गेली. जाताना लोणच्याची बरणी मला देऊन गेली आणि देव्हाऱ्यासमोर संत्र्यांचा ढीग. "हिशेब मिटला," असं देवीला मोठ्यानं सांगून गेली.

जागा अजून मार्कांवरच मिळतात. ते काही बदललं नाही.

पण सुफनच्या शेवटच्या पालकसभेचं एवढं लिहून ठेवते. त्या वेळी युनहेला तिसरी रांग मिळाली होती. सुफन ऐटीत येऊन तिथे बसली, पिशवी मांडीवर घेतली. थांग सरांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला. तेवढ्यात ही उठली, पाठमोरी झाली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात बघितलं. केराच्या डब्याशेजारी कोणी एक बाप बसला होता. नवा असावा, बुटांवर चुना, हात कुठे ठेवावे ते न कळून गुडघ्यांवर ठेवलेले.

"अहो भाऊ," ती ओरडली, "तिथे ऐकू येतंय का?"

तो दचकला. लाजला. "येतंय," म्हणाला. "पण कळत काही नाही."

"ते मलाही कळत नाही. येतंय ना? मग बसा."

आणि पुढे वळून सरांना म्हणाली, "हं. करा चालू."

सरांनी केलं.